सातनंतर खुर्ची नाही

बारावीला मार्क कमी का पडले असं कुणी विचारलं की मी सांगते, सरकारने माझी फार काळजी घेतली म्हणून. लोकांना वाटतं पोरगी थट्टा करतेय. मी थट्टा करत नाही. मला नर्सिंगला जायचं होतं, त्याला लागतात तेवढे मार्क पडले नाहीत, आणि त्याचा राग अजून तसाच आहे.

आम्ही सुरतेत पर्वत पाटियाजवळ एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत राहायचो. आई, पप्पा, काका, धाकटा भाऊ आणि मी. पप्पा आणि काका दोघंही कापडाच्या लूमवर कामाला. पप्पांची दिवसपाळी असली की काकांची रातपाळी, पंधरा दिवसांनी उलट. गादी एकच होती, ती कधी गार पडायची नाही. म्हणजे घरात कोणत्याही वेळी गेलं तरी कुणीतरी बारा तास मशीनजवळ उभं राहून आलेलं आणि झोपलेलं असायचं. दिवा लावायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही, पानसुद्धा हळू उलटायचं. त्यांचीही चूक नव्हती. झोप मिळाली नाही तर लूममध्ये हात सापडायचा.

म्हणून शाळा साडेपाचला सुटली की मी थेट सरकारी वाचनालयात जायचे. ते दहापर्यंत उघडं असायचं. मुलींच्या रांगेत खिडकीकडची तिसरी खुर्ची माझी, निदान मी तरी तसं समजायचे. वर पंखा, डोक्यावर ट्यूबलाइट, दारात वॉचमन, भिंतीवर कॅमेरा. दहा वाजता आई भावाचा हात धरून मला घ्यायला यायची. अकरावीचं अख्खं वर्ष असं गेलं आणि कुणालाही माझी काळजी करावी लागली नाही.

बारावीच्या दिवाळीनंतर काचेच्या दारावर एक कागद चिकटला. अठरा वर्षांखालच्या वाचकांना संध्याकाळी सातनंतर पालक स्वतः सोबत बसल्याशिवाय आत थांबता येणार नाही, त्यांच्या सुरक्षेसाठी. शहराच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी घडलं होतं म्हणे. काय घडलं ते कुणालाच नीट माहीत नव्हतं, पण ते कुठल्या वाचनालयात घडलं नव्हतं एवढं नक्की. मला अठरा पूर्ण व्हायला आठ महिने होते आणि परीक्षेला चार.

वाचनालय सांभाळणाऱ्या बेन भल्या होत्या. मी पप्पांच्या सहीची चिठ्ठी नेली तर त्यांनी ती दोनदा वाचली आणि परत दिली.

"बेटा, उपरथी लेटर आव्यो छे. तमारी सेफ्टी माटे ज छे. मारा हाथमां कंई नथी."

आता सात वाजता सुरतेतला कुठला लूमवाला बाप मोकळा असतो? दिवसपाळीचा आठला सुटतो, रातपाळीचा साडेसातला डबा घेऊन निघतो. हा नियम ज्याने केला त्याचे वडील संध्याकाळी सोफ्यावर बसून चहा पीत असणार. आमच्याकडे म्हणजे आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना अशी गत झाली. घरात दिवा लावता येत नव्हता आणि जिथे दिवा होता तिथे बसू देत नव्हते.

शेवटी आईच तिच्या अहिराणीत म्हणाली, "मी येस तुन्हासंगे. बसनंच शे ना?"

पहिल्या दिवशी ती स्वयंपाक दुपारीच उरकून, चांगली साडी नेसून आली. भावाला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. पंख्याखालच्या खुर्चीत ती हात मांडीवर ठेवून तीन तास बसली. तिला वाचता येत नाही. मी मान वर केली की माझ्याकडे बघून हसायची. दुसऱ्या दिवशी तिने सोबत काम आणलं. ती घरी साड्यांचं धागा कटिंग करायची, म्हणजे भरतकामाच्या मागचे सुटे दोरे कापायचे. तिने छोटी कात्री काढली तर बेन उठून आल्या. इथे फक्त वाचन. आईने कात्री पदराखाली लपवली, चोरी केल्यासारखी.

तिसऱ्या दिवशी तिला झोप लागली. पहाटे पाचला उठलेली बाई, तिला गार वाऱ्यात काही न करता बसवून ठेवलंत तर दुसरं काय होणार? ती घोरू लागली. पलीकडच्या रांगेतली मुलं आधी खोकली, मग हसली. वॉचमन येऊन म्हणाला, "मासी, अहीं सुवानुं नथी." आई दचकून उठली आणि सगळ्यांना हात जोडू लागली, आणि मला तिची लाज वाटली. मी पुस्तकात तोंड घातलं, जणू ती माझी कुणीच नाही. त्या कागदाबद्दल बाकी सगळं मी एक वेळ माफ करीन, हे करणार नाही.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, "माले तठे झोप येस, पोरी. तूच काहीतरी बघ."

मी जिना बघितला. आमच्या मजल्याच्या वरचा, गच्चीकडे जाणारा. तिथे एक बल्ब रात्रभर चालू असायचा. गच्चीचं दार मालकाने कुलूप लावून बंद केलेलं, त्यामुळे वर्दळ नव्हती. सात वाजता वाचनालयातून निघायचं आणि पुठ्ठा टाकून पायरीवर बसायचं. पंधरा दिवस बरे गेले. रसायनशास्त्राचे दोन धडे मी तिथेच संपवले.

मग तळमजल्यावर राहणारा एक माणूस विडी ओढायला वर येऊ लागला. चाळिशीचा असेल. पहिल्या दिवशी तो माझ्यापासून सहा पायऱ्या खाली बसला आणि कितवीत आहेस म्हणून त्याने विचारलं. दुसऱ्या दिवशी पाच पायऱ्या खाली बसला. तो काही वावगं बोलत नव्हता, फक्त रोज एक पायरी वर यायचा, आणि मी पुठ्ठा उचलून एक पायरी वर सरकायचे. सांगणार काय आणि कुणाला? पप्पांना सांगितलं असतं तर मारामारी झाली असती, नाहीतर माझी शाळा बंद. एक दिवस माझी पाठ गच्चीच्या कुलपाला टेकली. त्यानंतर समोर पुस्तक उघडं असायचं, पण माझं लक्ष त्याच्या चपलांकडे असायचं.

जानेवारीत शाळेत मुलींच्या सुरक्षेचा कार्यक्रम झाला. दोन महिला पोलीस आल्या. त्यांनी चिठ्ठ्यांची पेटी ठेवली आणि म्हणाल्या, तुम्हाला कुठे भीती वाटते ते लिहा. मी लिहिलं, बिल्डिंगचा जिना, सात ते दहा. खाली नाव लिहिणारी मी एकटीच निघाले. त्या दोघींतल्या वयाने मोठ्या पोलीसबाईंनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं, समोर पाण्याचा ग्लास ठेवला. मला वाटलं, आता सुटले.

"रोज वहाँ बैठती क्यों हो?"

मी सगळं सांगितलं. गादी, पाळ्या, वाचनालयाचा कागद, आईची झोप. त्या मान डोलावत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "वो कागज़ देखा है ना तुमने? किसलिए लगाया है? सात के बाद लड़की बाहर क्यों रहे?"

मी म्हणाले, "मॅडम, मी बाहेर नव्हते. मी आत होते. तुम्ही मला बाहेर काढलं."

त्यांना राग आला नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आजपासून सातच्या आत घरी असं माझ्याकडून कबूल करून घेतलं, आणि रजिस्टर उघडून लिहायला लागल्या. समोरून मला ते उलटं दिसत होतं, पण गुजराती मला उलटीसुद्धा वाचता येते. तक्रारीच्या रकान्यात जिना लिहिला होता. त्या माणसाबद्दल काही नव्हतं, तो कुठल्या खोलीत राहतो हेही त्यांनी विचारलं नव्हतं. आपल्याकडे म्हणतात ना, चोर सोडून संन्याशाला फाशी. शेवटचा रकाना कारवाईचा होता. तिथे त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं, विद्यार्थिनीला समज दिली. मग रजिस्टर माझ्याकडे फिरवून सही कर म्हणाल्या, आणि मी केली.