मयताचा सत्कार

माझी बायको वारली तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसून शेंगदाणे खात होतो.

(घाबरू नका. ती आत्ता शेजारच्या खोलीतून मला हाका मारते आहे आणि मी ऐकू न आल्याचं सोंग करतो आहे!)

त्याचं असं झालं. कोल्हार सोडून नगरला राहायला आलो आणि आम्हा नवरा-बायकोला कार्यक्रमांचं वेडच लागलं. गावी वर्षातून एक यात्रा. इथे रोज संध्याकाळी कुठे ना कुठे काहीतरी असतंच! गुलाबांचं प्रदर्शन पाहिलं, गझला ऐकल्या, पक्ष्यांवरच्या व्याख्यानाला गेलो, मांजरांच्या सौंदर्यस्पर्धेला तर दोन्ही दिवस हजर. मी बघण्यावर खूश होतो. सुनंदाने मात्र थेट हौशी नाटक मंडळात नाव घातलं! लहानपणापासूनची तिची इच्छा. माहेरी कुणी स्टेजवर चढूच दिलं नव्हतं.

पहिली भूमिका मिळाली ती मयताची. पडदा उघडतो तेव्हा सासू गेलेली असते, सुना भांडत असतात आणि सगळे परगावी गेलेल्या सासऱ्याची वाट बघत असतात. तो शेवटपर्यंत येतच नाही. दिग्दर्शिका केतकी, वयाने आमच्या मुलीएवढी पण स्वभावाने फौजदार! तिने बजावलं, "काकू, स्पर्धा आहे. पापणी जरी हलली तरी अंतिम फेरी विसरा. आणि पुढच्या नाटकातलं कामही!"

मग सुनंदा महिनाभर घरी मरत होती. ("चहा करतेस का?" म्हटलं तर उत्तर नाही!)

प्रयोगाला माझा मेहुणा बाप्पू कोल्हारहून टेम्पोभर माणसं घेऊन आला. काखेत पिशवी.

"दाजी, आक्काचा सत्कार कवा करायचा?"

"नेहमी करतो तेव्हाच की," मी तोंडात शेंगदाणे टाकत म्हणालो.

तिथेच घात झाला! आमच्याकडे यात्रेतल्या नाटकात सत्कार मध्येच होतो. युद्ध थांबतं, राजा मुकुट काढून फेटा बांधून घेतो, नारळ स्वीकारतो आणि मग राहिलेलं युद्ध करतो.

सुना ऐन भांडणात असताना बाप्पू स्टेजवर चढला. पिशवीतून हिरवं लुगडं काढलं आणि थेट मयताच्या अंगावर घातलं!

सभागृहाला तो नाटकातलाच भाऊ वाटला. सवाष्ण गेली की भाऊ माहेरचं लुगडं घेऊन येतो, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

"आक्का," बाप्पूला खरंच रडू फुटलं, "लई नाव काढलंस गं माहेराचं! आमी तुला कदी वर चढू दिलं न्हाई. चुकलं आमचं!"

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एका परीक्षकाने चष्मा काढून पुसला. मला मात्र विंगेत डोकं धरून बसलेली केतकी तेवढी दिसत होती. आता सुनंदाची अंतिम फेरी बुडाली! मी धावलो.

"बाप्पू, आधी खाली उतर!" म्हणता म्हणता पायरीला ठेचकाळलो आणि जो आडवा झालो तो थेट बायकोच्या पायांवर!

आख्ख्या सभागृहाला वाटलं, सासरा आला एकदाचा!

"सुनंदा, माफ कर गं!" मी ओरडलो. (मनापासून!)

लुगड्याखालून दबका आवाज आला, "पाय सोडा. गुदगुल्या होतायत."

पण पापणी हलली? नाव नको! पडदा पडला तो टाळ्यांच्या कडकडाटात.

नाटक अंतिम फेरीत गेलं. सुनंदाला पुढच्या नाटकात चक्क बोलणारी भूमिका मिळाली. बाप्पूचा प्रवेश तर कायमचा ठरला. आता तो एसटीने तालमीला येतो आणि मला अभिनयावर चार शब्द ऐकवून जातो. मला बोलावणं येईना, तेव्हा मीच केतकीला गाठलं.

"काका, परीक्षकांना सगळं आवडलं," ती चाचरत म्हणाली, "फक्त तो सासरा तेवढा खोटा वाटला म्हणे. बायको गेलीय असं वाटतच नव्हतं, चोरी पकडल्यासारखा चेहरा होता. तुमच्या जागी आम्ही दुसरा नवरा बघतोय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या भूमिकेत मी शोभत नाही हे ओळखायला परीक्षकांना दोन मिनिटं पुरली. घरी येऊन सुनंदाला सांगितलं तर म्हणाली, "एवढा वेळ लागला?"