आरतीत म्हटलेला पाढा

“द्या ताट त्याच्या हातात! अरे, द्या म्हणतो ना!”

रेक्टर ओरडत होते. अमरावतीचं आमचं वसतिगृह, गणपतीचा पाचवा दिवस. देणगी देणारे शेटजी पुढच्या खुर्चीत. सतरंजीवरच्या चाळीस माना माझ्याकडे वळल्या.

“बघा शेटजी, आमच्याकडे भेद नाही. हा महाराचा पोरगा. हासुद्धा आरती करतो.”

शेटजींनी मान डोलावली. बाजारात बैलाचे दात पाहून डोलावतात तशी.

मी महार नव्हतो. दोन वर्षांपूर्वी बाळापूरकडच्या आमच्या गावात आम्ही बौद्ध झालो होतो. बानं घरातले देव टोपलीत घालून टोपली माझ्या डोक्यावर दिली, अन् नदीत सोडले. यापुढे देव पुजणार नाही, हे मी एवढ्या मोठ्यानं म्हटलं होतं, की पलीकडच्या काठावरच्या म्हशी पाणी प्यायच्या थांबल्या.

आणि आता हातात ताट.

नाही म्हटलं तर खोली जाणार. अमरावतीत मला दुसरं छप्पर नव्हतं. मी जातीचा थापाड्या, युक्ती काढली. ओठ हलवले आरतीचे, अन् आत म्हटला एकोणतीसचा पाढा. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. सुरात, टाळ्यांच्या ठेक्यावर. वाटलं, गणपतीपासून शेटजीपर्यंत सगळ्यांना गंडवलं.

आरती झाली. इतरांची पाळी झाली की ताट फडक्यानं पुसत. माझ्यानंतर ते राख-चिंच लावून घासायला गेलं. रेक्टरांच्या समोरून.

राग आला असता तर बरं झालं असतं. काहीच आलं नाही.

झोप गेली. भूक गेली. पुस्तकाचं एक पान दिवाळीपर्यंत उघडं राहिलं. अन् सगळ्यात नवलाचं म्हणजे माझ्या थापा आटल्या. आमच्या गावची कपाशीची पऱ्हाटी एवढी उंच, की बोंडं तोडायला शिडी लागते, अन् वरची बाई खाली येईपर्यंत तिच्या लेकराचं लग्न होऊन जाते, असं सांगून मी अख्खं वसतिगृह हसवत असे. आता जीभ लाकडाची.

हिवरखेडचा एक कास्तकाराचा पोरगा माझ्या खोलीत राहायचा. तो म्हणे, “काहून बे, मुका झाला काय? पऱ्हाटी सुकली काय तुह्या गावची?”

हसू आलं नाही.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा बा मला अकोल्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यानं जीभ पाहिली, पोट दाबलं, अशक्तपणा आहे म्हणाला. लाल टॉनिक दिलं. ताटाबद्दल त्यानं विचारलं नाही. कसं विचारणार?

मोटारीची वाट पाहत बसलो होतो. बा म्हणाला, “कुठं दुखते, बापू?”

“कुठंच नाही.”

मग सांगितलं. आरती, पाढा, राख-चिंच, सगळं. बा रागावला नाही. टॉनिकची बाटली धोतराच्या सोग्यात गुंडाळत म्हणाला,

“पन टोपली त नदीपावतर तूच नेली होती ना?”

एवढंच. मला कळलं, मी कोणालाच गंडवलं नव्हतं. एकालाच, मलाच. तो आतमध्ये मेल्यासारखा पडला होता, अन् डॉक्टर माझी जीभ पाहत होता.

पुढच्या साली पुन्हा गणपती, पुन्हा शेटजी. बी.ए.चं माझं शेवटचं वर्ष. रेक्टरांनी बोटानं खूण केली. “ये रे, पुढे ये.”

मी जागेवरच उभा राहिलो. “मी बौद्ध हाय, सर. आरती करत नाही.”

“गेल्या वर्षी केलीस ती? हे आत्ता सुचलं?”

“तवाबी मालूम होतं, सर. बोललो नाही.”

“मग उचल तुझी ट्रंक!”

खोलीत आलो, कपडे भरू लागलो. हिवरखेडवाला धापा टाकत आला.

“लेका, साहेब नरमले! म्हनते, आरती राहू दे, नुसते हात जोड. खोली राहीन. मनात काईबी म्हन ना, कोनाले दिसते?”

मला दिसते. एक वर्ष पाहून झालं होतं. मी ट्रंकेची कडी लावली.

“त्याईले सांग, खोली दुसऱ्याले देऊन टाका.”