बाबूभाईंच्या क्लारनेटला दम आला

चांद्याच्या बँडपार्टीत क्लारनेट वाजवणारे बाबूभाई चाळिशीच्या आतच वाळून काडी झाले होते. बँडचा लाल कोट अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबायचा. पोट कायम फुगलेलं, दिवसातून दहादा परसाकडे पळायचं, आणि एक गाणं पुरं होण्याआधीच डोळ्यांपुढे काजवे. मग ते वाद्य पुसत असल्याचं सोंग करून श्वास घेत. हकीम झाला, वैद्य झाला, बायको अख्तरीनं पिराचा धागाही बांधून पाहिला.

छप्पन सालच्या लग्नसराईत ते वरातीतच चक्कर येऊन पडले. गावात नवीनच आलेल्या एका डॉक्टरांकडे त्यांना नेलं. डॉक्टरांनी उलटंच विचारलं, की बरं कधी वाटतं? अख्तरीनं सांगितलं, पावसाळ्यात, लग्नं बंद असली की. घरी भात आणि मासळी. लग्नात मात्र पुऱ्या, रव्याचे लाडू, शिवाय घरी आणलेली उरलेल्या पुऱ्यांची गाठोडी.

काही जणांच्या आतड्यांना गहूच सोसत नाही, असं विलायतेत नुकतंच कळलंय, डॉक्टर म्हणाले. "भाऊ, गहू बंद. पुरी, रवा, बिस्कुट, शेवया, सगळं बंद. दोन महिन्यांनी या."

एवढ्यानं काय होणार, असं बाबूभाईंना वाटलं. तरी त्यांनी ऐकलं. ईदेला अख्तरीनं शेवयांऐवजी तांदळाची खीर केली.

महिनाभरानं एका सकाळी ते चुलीपाशी येऊन उभे राहिले. "मले भूक लागली हाय," ते म्हणाले. आवाजात एवढं आश्चर्य होतं, की अख्तरीच्या हातातला डाव तसाच राहिला. त्या दिवशी दोनदा भात शिजला. मग रोजच नवं काही तरी होऊ लागलं. पोट उतरलं, गाल भरले, कोटाच्या गुंड्या ताणल्या. एकदा तर ते अंगणातल्या जांभळावर चढले आणि फांदीवर बसून अख्तरीला हाका मारू लागले. शेजारीपाजारी जमले. कुणाला वाटलं, बाबूभाईंच्या डोक्यावर परिणाम झाला.

पुढल्या सराईत पहिलं लग्न सावली गावच्या रामाजींच्या मुलीचं, मंगलीचं. वेशीपासून वरात निघाली. बाबूभाईंनी सूर धरला आणि तो संपेचना. ढोलवाला गुलाम रसूल टकमक बघत राहिला. बाबूभाईंना आपल्या छातीचा थांगच लागत नव्हता. मागावा तेवढा वारा ती देत होती. वऱ्हाडातली म्हातारी माणसंसुद्धा नाचायला लागली, वरात जागची हलेना. दोनदा भटजींचा निरोप आला. शेवटी रामाजी स्वतः आले.

"भाऊ, पोरीवर अक्षता पडू द्या," ते म्हणाले, "मंग वाजवा किती वाजवाचं ते."

बाबूभाईंना हसू आवरेना. पंगतीत त्यांनी पुरीला हात लावला नाही. वांग्याच्या भाजीशी भात मात्र तीनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी बैलगाडीनं परत निघाली. रस्ताभर मोहाचा वास सुटला होता. बाबूभाई गाडीतून उतरून पायीच चालू लागले. गुलाम रसूलनं त्यांना वर बसायला सांगितलं.

"लय वर्षं बसलो ना बाप्पा," बाबूभाई म्हणाले, आणि बैलांच्याही पुढे पळत सुटले.