वीस गावं, एक टेम्पो आणि क्वांटमचा सेल्समन

"क्वांटम कॉम्प्युटर सगळे रस्ते एकदम तपासतो, सर," सेल्समन आमच्या चेअरमनना सांगत होता. मी उभा राहिलो. "हे खोटं आहे."

निपाणीकडच्या एका दूध डेअरीत मी कॉम्प्युटर सांभाळतो. रोज सकाळी एक टेम्पो वीस गावांतून दुधाचे कॅन गोळा करतो. परतेपर्यंत ऊन चढतं, दूध नासतं. चेअरमनांचा उपाय असा: क्वांटमवालं सॉफ्टवेअर घ्यायचं, आणि ते येईपर्यंत फेरी लहान करायला वीसातलं एक, गौराक्का चालवते ते दूध संकलन केंद्र बंद. का? तिथं दूध सगळ्यांत कमी. मग तिथल्या बायकांनी दूध घालायचं कुठं?

आता गणित. दहा गावं कुठल्या क्रमानं घ्यायची, याचे छत्तीस लाखांवर प्रकार होतात. वीस गावांचे सेकंदाला शंभर कोटी तपासले, तरी सत्तर वर्षं पुरत नाहीत. गाव एक वाढतं, काम कैक पटीनं वाढतं. याला कॉम्प्लेक्सिटी म्हणतात. प्रचंड आकड्याचे अवयव पाडण्यासारख्या मोजक्या कामांत क्वांटम अल्गोरिदम मोठी झेप घेतील, हे खरं. पण टेम्पोचा सर्वोत्तम क्रम झटक्यात काढायची रीत त्यातही कुणाला सापडलेली नाही. आणि सर्वोत्तमच कशाला? चांगला क्रम साधा लॅपटॉप मिनिटात देतो.

"मग तुझा लॅपटॉप का देईना रं?" चेअरमन म्हणाले.

झोंबलं. तिथंच टेम्पोचा क्रम ठरवणारा आमचा प्रोग्राम उघडला. पहिलीच ओळ: पहिला थांबा, चेअरमनांचं गाव. नोकरीला लागलो तेव्हा सांगितलं तसं मीच टाइप केलेलं. पहिला कॅन त्यांचा, हा डेअरीतला जुना मान. गाव मात्र फेरीच्या मधोमध. ती ओळ उडवली, प्रोग्राम पुन्हा चालवला.

"साहेब, फेरी दीड तासानं कमी होते. पण तुमचा कॅन अकरावा."

दारातून ड्रायव्हर अण्णा बोलले, "व्हय की. रोज आक्काच्या दारावरनं रिकामा टेम्पो नेतोय, आन् मागनं परत तिकडंच येतोय."

"मग आधी बोलला न्हाईस ते?"

"मान तुमचा. मी कोण बोलणार?"

चेअरमन सेल्समनकडं वळले. "तुमच्या मशीनला हे कळलं असतं काय हो?"

"सर, डेटा तुम्ही द्याल तसा..."

"चहा घ्या आन् निघा."

आक्काचं केंद्र चालू आहे. टेम्पो नव्या क्रमानं फिरतो, दूध नासत नाही. चेअरमन अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत; चालतंय. नवं मशीन मागवण्याआधी जुन्यात आपणच काय कोंबलंय ते वाचा, आणि मोठ्यानं वाचा.