खंडेनवमीला आलेलं उत्तर

इथले अनुभव मी गेली तीन-चार वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसायलाच वाचतेय. रिकाम्या खोलीत पावलं वाजली म्हणे, बंद रेडिओ बोलला म्हणे... मी कंप्युटरवाली बाई. आधी लॉग दाखवा, मशीनमधली नोंद दाखवा, मग बोला, असा माझा खाक्या. त्यामुळे मीच इथे लिहायला बसलेय हे कळल्यावर माझ्या ओळखीतले निम्मे लोक टर उडवतील. उडवू देत. मला हे कुठेतरी सांगून टाकायचंय.

मी मादन हिप्परग्याची, कर्नाटकातला आळंद तालुका. घरी शेती, त्यात मुख्य तूर. पाच वर्षांच्या एमएस्सीला कडगंचीच्या विद्यापीठात होते, तिथे आम्हा विद्यार्थ्यांचं एक कंप्युटरचं मंडळ होतं. अजून आहे. पगार नाही, मार्क नाहीत, नुसती हौस. एका लहानशा खोलीत आमचा सर्व्हर होता. त्यावर मंडळातल्या मुलांचे ईमेल, आसपासच्या शाळांच्या साध्या वेबसाइटी आणि आमचं सगळ्यांत लाडकं काम चालायचं — वाटणीचं गणित.

ते असं. तुरीच्या मर रोगावर आमचे एक सर काम करत होते, आणि त्यासाठी लागणारं गणित इतकं अवाढव्य होतं की एका मशीनवर ते जन्मात संपलं नसतं. म्हणून आम्ही त्याचे बारीक तुकडे करून लोकांच्या घरच्या कंप्युटरना वाटायचो. तुमचं मशीन रिकामं असलं की ते एक तुकडा सोडवून उत्तर सर्व्हरला परत पाठवणार. नियम एकच, पण कडक... प्रत्येक तुकडा दोन वेगवेगळ्या मशीनना द्यायचा. दोघांची उत्तरं शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली तरच धरायची, नाहीतर फेकून द्यायची. आळंद, भालकी, बिदर, औराद इकडची चाळीसेक घरं आमच्या यादीत होती. आपल्या तुरीचं काम आहे म्हटल्यावर लोक आनंदाने मशीन चालू ठेवायचे.

वर्षातून एक दिवस मात्र, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, यादी ओस पडायची. खंडेनवमीला. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा — कुळव, विळे, ट्रॅक्टर, मोटरसायकल — आणि पूजा झाली की ती हलवायची नाहीत, त्यांना त्या दिवशी आराम. कंप्युटर आला तसा तोही हत्यारांत गेला. मॉनिटरला हळदकुंकू, कीबोर्डवर झेंडूचं फूल आणि दिवसभर स्विच बंद. लॅबलासुद्धा कुलूप. त्या दिवशी यादीत दोनच मशीन जागी असायची. एक माझी मैत्रीण फरजाना हिच्या अब्बांच्या झेरॉक्सच्या दुकानातलं आणि दुसरं बिदरजवळच्या नौबादचं, प्रबोधचं.

प्रबोध आमच्या मंडळाचा कणा. वडील लहानपणीच गेलेले, आई अंगणवाडीत शिकवायची. घर बौद्ध, त्यामुळे हत्यारांची पूजा वगैरे भानगड नाही. दर खंडेनवमीला सकाळी त्याचा ग्रुपवर मेसेज यायचा, "आज सगळ्या तालुक्याचा भार माझ्यावर अन् फरजानावर." आम्ही सगळे हसायचो. मीही.

मग एका वर्षी खंडेनवमीला सकाळी सर्व्हर बंद पडला. लाइट जाऊन आली होती आणि तो आपोआप उठला नाही. कुणीतरी जाऊन हाताने चालू करणं भाग होतं. आमचा सर्व्हर वर्षभरात एकदाही थांबलेला नव्हता, आणि याचा आम्हाला, खास करून मला, भारी माज होता. त्या आठवड्यात सर्व्हर बघायची पाळी माझी होती. हिप्परग्याहून कडगंची तासाभराचा रस्ता. पण माझ्या स्कूटीला तेव्हा हार घातलेला होता, चाकाखाली लिंबू ठेवलेलं होतं.

"आज गाडी भायेर काढायची न्हाई," अप्पा म्हणाले. माझे वडील एरवी कशाला आडवे येत नाहीत. मी हट्ट धरला असता तर सोडलंही असतं. पण मला सोपं सुचलं. मी प्रबोधला फोन लावला.

"तुला काय, सण न्हाई काही न्हाई. तू जाऊन येतोस का? माझी गाडी पूजेत हाय."

तो मग म्हणाला, "बरं. जायलो बघ."

नौबादहून कडगंची म्हणजे मोटरसायकलवर अडीच-तीन तास. हुमनाबादच्या पुढे मागून ट्रकने उडवलं. दवाखान्यात नेईपर्यंत गेला होता.

सर्व्हर एक दिवस बंद राहिला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. चाळीस घरांतली मशीन तशीही बंदच होती.

त्याला मी पाठवलं हे मी कुणालाच सांगितलं नाही. सगळे धरून चालले की हौशी पोरगा, आपणहून निघाला असेल. मी ते तसंच धरू दिलं. त्याच्या आईला (मी त्यांना मावशी म्हणते) भेटायला मी वर्षभरात चार वेळा नौबादला गेले. दर वेळी ठरवून जायची की आज सांगायचं, आणि दर वेळी चहा पिऊन, इकडचं तिकडचं बोलून परत यायची. एकदा त्यांनी विचारलं, त्याच्या कंप्युटरमधले फोटो काढून देशील का? मी डिस्क काढून घेतली, फोटो एका पेनड्राइव्हवर भरून दिले. डिस्क माझ्याकडेच राहिली, हिप्परग्याला माझ्या कपाटात, साड्यांखाली. हे नीट लक्षात ठेवा.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी. सकाळचे अकरा वाजून गेलेले. अंगणात पूजा आटोपून मी नैवेद्याचं ताट आत नेत होते, तेवढ्यात फरजानाचा फोन. आता सर्व्हर तीच बघायची.

"मेघा, जरा लिस्ट खोल. मैं कुछ बोलतूं नै अबी. तू देख पैले."

मी मोबाइलवर यादी उघडली, कुठल्या मशीनने कुठला तुकडा कधी सोडवला त्याची. त्या दिवसाच्या दोन ओळी होत्या. पहिली दुकानातल्या मशीनची. दुसरी — 'प्रबोध-नौबाद'. तुकडा घेतला नऊ चाळीसला, उत्तर दिलं दहा पंचावन्नला. हाच तुकडा दुकानातल्या मशीनलाही गेला होता. पुढे हिरवी खूण होती. म्हणजे दोन्ही उत्तरं जुळली होती.

माझ्या हातातलं ताट कुठे ठेवलं ते मला आठवत नाही.

"किसी ने मज़ाक किया क्या?" फरजाना म्हणाली. "लेकिन मज़ाक में हिसाब कैसा जुळेगा, मेघा?"

ती म्हणत होती ते खरं होतं. कुणी खोटी ओळ घुसडली असती तरी उत्तर जुळवायला तो तुकडा खरोखर सोडवावा लागतो. मावशींनी कुणाला तरी बोलावून मशीन चालू करून घेतलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण डिस्क तर माझ्या कपाटात. जाऊन पाहिलं. साड्यांखाली होती.

मी स्कूटीचा हार काढून तुळशीपाशी ठेवला आणि गाडी बाहेर काढली. अप्पा ओसरीवर बसले होते. त्यांनी पाहिलं, पण अडवलं नाही. हुमनाबादच्या पुढची ती जागा ओलांडताना मी त्या बाजूला बघितलं नाही.

नौबादला पोचले तेव्हा दुपारचे साडेतीन झाले असतील. मावशींनी दार उघडलं.

"ये गं. आज सण सोडून कामून आलीस?"

मी त्यांना ओलांडून सरळ आत गेले. कंप्युटर होता तिथेच होता, खिडकीजवळच्या टेबलावर, जुन्या चादरीने झाकलेला. वर शेवयांचा डबा. मी डबा उतरवला, चादर काढली. मागे एकही वायर नव्हती. बाजूचं झाकण उघडलं तर डिस्कची जागा मी ठेवली तशीच रिकामी. आत हात घालून बघितलं, सगळं थंड, बोटांना धूळ लागली. इंटरनेट तर मावशींनी कधीच बंद करून टाकलं होतं.

"काय शोधायलीस?" त्यांनी विचारलं.

मी खाली बसले आणि यादीतल्या ओळीबद्दल सांगायला तोंड उघडलं. तोंडातून आलं ते वेगळंच. "मावशी, त्याला मी पाठवलं होतं. पाळी माझी होती. माझ्या गाडीची पूजा झाली होती म्हणून मी त्याला जा म्हणाले."

त्या माझ्यासमोर बसल्या.

"मला ठाऊक हाय. निघताना सांगूनच गेला त्यो."

"रागावला होता?"

मावशींनी खोटं सांगितलं असतं तर मी ते घेतलं असतं. पण त्या तशा नाहीत. "व्हय, थोडा. 'चार वर्षं झाली आई, आपला सण उद्या असतोय एवढं बी तिला ठाऊक न्हाई,' म्हणला. दुसऱ्या दिवशी विहारात जायचं व्हतं आम्हाला. माझी पांढरी साडी त्यानंच इस्त्री करून ठेवलती. मग हसला, अन् 'संध्याकाळपर्यंत येतो' म्हणून गेला."

दसऱ्याला त्यांचा धम्मदीक्षेचा दिवस. मला ते ठाऊक नव्हतं. शेजारी बसून, एका डब्यात जेवून चार वर्षं काढली आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. त्याला सण नाही, हे मीच ठरवून टाकलं होतं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

"तुम्ही मला कधी बोलला का न्हाई?" मी रडत विचारलं.

"म्या कामून बोलू? सांगायचं तुझं व्हतं. दर बारीला तू यायलीस, अन् म्या वाट बघायलते, आज बोलंल पोरगी. तू च्या पिऊन जायचीस." त्या पुढे म्हणाल्या, "तू पाठवलीस त्याचं मला इतकं न्हाई. रस्त्यावर कुणी बी मरतंय. पण तू लपवलीस, ते लागलं बघ."

मग मी त्यांना ती ओळ दाखवली. मोबाइल हातात घेऊन त्या किती तरी वेळ मुलाचं नाव बघत राहिल्या.

"आमच्यात असलं मानत न्हाईत," त्या म्हणाल्या. "भूत न्हाई, आत्मा न्हाई. मशीनचंच काहीतरी चुकलं असंल." मग त्यांनी विचारलं, "पण उत्तर बरोबर आलं का त्याचं?"

"बरोबर आलं, मावशी. जुळलं."

त्यांनी मान हलवली, आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मला जवळ घेतलं नाही. मीही तिथून हलले नाही.

नंतर फरजानाने आणि मी महिनाभर त्या सर्व्हरची झाडाझडती घेतली. त्याच्या नावाने दुसऱ्या कुठल्या मशीनवर काम चाललं असेल म्हणावं, तर प्रत्येक मशीनला सर्व्हर एक गुप्त किल्ली देतो, आणि ती फक्त त्या डिस्कवर होती. जुनी ओळ उशिरा उमटली असेल म्हणावं, तर तो तुकडा त्याच आठवड्यात तयार झाला होता, तो गेल्यानंतर वर्षाने. सरांना दाखवलं. त्यांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि म्हणाले, उत्तर बरोबर आहे, राहू दे. ते उत्तर अजून त्या गणितात आहे. इथे जाणकार मंडळी आहेत, कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा, मी खरंच ऐकून घेईन. मला सुचलेलं नाही.

यंदाच्या खंडेनवमीला मी आणि फरजाना सकाळी आठपासून यादी उघडून बसलो होतो. दिवसभर एकच ओळ होती, दुकानाची. दुपारी मावशींचा फोन आला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना विहारात घेऊन जाणार होते, मला वाटलं त्याचंच काही विचारायचं असेल.

"आलं का गं काही?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, मावशी."

"बरं," त्या म्हणाल्या. पण त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.