साठ्यांच्या गेममधली मी

शिरीष साठे माणसाशी बोलण्याआधी त्याच्या गुडघ्यांकडे बघायचे. खडकीच्या मैदानावर ते पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही कबड्डीच्या मुली सरावाला उभ्या होतो, आणि इस्त्रीच्या शर्टातले हे पन्नाशीचे गृहस्थ आमच्या पायांकडे टक लावून बघत होते. आमच्या प्रशिक्षक ताईंनी त्यांना हटकलंच. साठे शांतपणे म्हणाले, "अहो, तोंडं बघायला बाकीचे लोक आहेत. मी मोबाइलवरचा कबड्डीचा गेम बनवतो. मला गुडघे लागतात."

बिबवेवाडीतल्या दोन खोल्यांत त्यांचं ऑफिस होतं. बाजारातल्या गेम्सवर त्यांचा भारी राग. खेळाडू जखमी झाला की त्याला तीन सामने बाहेर बसवतात आणि चौथ्याला तो पहिल्यासारखा पळतो. "तीन सामन्यांत नवा गुडघा! दुकानाचा पत्ता द्या, आमच्या आईलाही हवाय," असं ते म्हणायचे. जखम भरणं वेगळं आणि खेळाडू बरा होणं वेगळं, हे गेममध्ये दिसलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता.

डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मी नुकतीच खेळायला लागले होते. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, ताई खूश होत्या. खरं काय ते मी फक्त साठ्यांना सांगितलं, कारण दुसऱ्या कुणी विचारलंच नव्हतं. चढाईत डाव्या कोपऱ्याकडे गेले की हात लांबवण्याआधीच मी मागे फिरायचे. पाय रोवून वळायची भीती वाटायची. जिल्हा संघाची निवड तोंडावर होती आणि नोकरीची आशा त्या संघावरच होती. "ताईंनाही सांगू नका," मी म्हणाले.

"सांगायला मी काय वर्तमानपत्र आहे?" साठे म्हणाले. मला ते वडिलांसारखे वाटले.

गेम आला. आमच्या क्लबच्या सगळ्यांची नावं त्यात होती, म्हणून मुली हुरळून गेल्या. माझ्या नावाची मुलगी डावीकडे जायची, थबकायची आणि हात न लांबवताच मागे फिरायची. दर वेळी.

निवड चाचणीत समोर वाघोलीच्या मुली होत्या. त्यांनी डावा कोपरा मोकळा सोडला आणि मी जिथून वळते तिथेच दोघी हात धरून उभ्या राहिल्या. मी पुन्हा पुन्हा सापडले. नंतर त्यांची कर्णधार कौतुकानं म्हणाली, "अगं, गेममध्ये पण तू सेम अशीच वळतेस! भारी बनवलंय." संघात माझी निवड झाली नाही.

मी तडक साठ्यांकडे गेले. "केसानं गळा कापलात माझा!"

त्यांना रागसुद्धा आला नाही, ते जास्त लागलं. "मी कुणाला सांगितलं का? फक्त गेम खरा केला."

"निदान नाव तरी बदलायचं!"

"नाव बदललं असतं तर त्यात तुम्ही राहिला नसतात," ते म्हणाले. आवाजात चक्क अभिमान होता. माझा गुडघा या माणसाइतका कुणालाच कळला नव्हता, म्हणूनच मी त्यांना आजही माफ करू शकलेले नाही.

काही दिवसांनी त्यांचा निरोप आला, "दुरुस्ती केली आहे. बघून घ्या." मी गेम उघडला. माझ्या नावाची मुलगी डाव्या कोपऱ्यात बेधडक घुसली, पाय रोवून वळली आणि गुण घेऊन परत आली.

मी फोन ठेवला आणि सरावाला गेले. ताईंनी चढाईला पाठवलं. डावीकडे दोन पावलं टाकली आणि मी मागे फिरले.