पत्रक किडे वाचत नाहीत

अन्याय झाला माझ्या आईवर. शहरात प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षी, आखाजी झाल्यावरच्या सोमवारी, सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा, नवागामच्या आमच्या चाळीत. हंडे घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या बायांसमोर चाळीचा मालक तिला म्हणाला, "बेन, रोग पाळलाय तुम्ही घरात!"

रोग म्हणजे आईचं गांडूळखताचं खोकं. आंब्याची लाकडी पेटी, खाली विटा, वर ओलं गोणपाट. गांडुळं मी आणली होती. तेव्हा मी सफाईची पत्रकं वाटत गल्लोगल्ली फिरायचे. पण खोकं जगवलं आईने. भाजीची देठं, चहाचा चोथा, वाळका पाला, सगळं मापात. दारापुढचा कचरा कमी झाला तो मालकाला कधी दिसला नाही. त्याला दिसले किडे.

आणि किडे होतेच. गोणपाट उचललं की मोहरीहून बारीक, तपकिरी, नुसते वळवळत. शेतीवाले त्यांना कोळी म्हणतात. वर चिलटांचा ढग. गांडुळं बिचारी कडेला चढून बसलेली.

आले कुठून? पुण्याईतून! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही खानदेशी माणसं पितरांची घागर भरतो, तिच्यावर नैवेद्य ठेवतो. तो नैवेद्य गटारात टाकायचा नाही. गावी गाय होती, इथे काय आहे? मग एकेक बाई ताट घेऊन आमच्या दारात. "मावशी, तुमचं खोकं पवित्र." सांजोऱ्या, तुपातल्या पुरणपोळ्या, आमरसाच्या साली. पितरांचं म्हटल्यावर आईला नाही म्हणवेना. खोकं आंबलं. ओलं, गोड, आंबट. किड्यांना आणखी काय हवं? आणि सोमवारी त्याच बाया नाकाला पदर लावून उभ्या. एकीनेही म्हटलं नाही, माझी पुरणपोळी आहे त्यात.

"रविवारी किडे मारायला पावडरवाला येईल," मालक म्हणाला. "खोकं असलं तर पहिला फवारा त्याच्यावर." म्हणजे गांडुळं मेलीच.

मी भडकले. "आई, पत्रक काढते मी!"

"किडा वाचतस का तुनं पत्रक?" आई म्हणाली आणि पदर खोचला.

तिने आंबलेलं सगळं उपसून काढलं. खाणं बंद, पाणी बंद. माती मोकळी केली, त्यात वाळका पाला आणि माझी उरलेली पत्रकं फाडून घातली. शेवटी कामाला आली ती! मग भाकरी भिजवून वर ठेवली. सकाळी उलटली तर खालून तपकिरी, किड्यांनी भरलेली. ती गेली उन्हात तापल्या पत्र्यावर, किड्यांसकट. दुसऱ्या दिवशी दुसरी भाकरी. बायांना राहवेना.

"मावशी, ही माझी कळण्याची भाकरी घ्या, लवकर येतील किडे."

"तुझी? मग पळून जातील गं ते!" शेजारीण म्हणाली, आणि हसता हसता सगळ्यांचे पदर नाकावरून खाली आले.

रविवारी मालक पावडरवाल्याला घेऊन आला. आईने गोणपाट उचललं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठभर काळं, भुसभुशीत खत मालकाच्या नाकाखाली धरलं. गांडुळं लखलखत होती. "वास घ्या, शेठ."

"अजून दोनचार किडे आहेत," तो पुटपुटला.

"असू द्या. कुजवायचं काम तेही करतात. माजले की हाकलायचे, एवढंच."

पावडरवाल्याने पंप खांद्यावर सरकवला. "शेठ, मारूं किधर?"

"गटारात!" सगळ्या बाया एकदम ओरडल्या. ज्या गटारावर मालकाने कधी झाकण घातलं नव्हतं, त्याच गटारात. आणि मारली! मालक बघत उभा राहिला. झाकणही आलं, बायांनी रोज नळावर त्याला गाठल्यावर. पुढच्या आखाजीला चाळीत दारोदार खोकी होती, आणि घागरीवरचा नैवेद्य ज्याचा त्याच्या खोक्यात, घासभर, पाल्याखाली.

आता तुम्ही. तुमच्या दारात कोणी औषध घेऊन आला, तर खोक्यावर हात ठेवा आणि त्याला आधी मालकाचं गटार दाखवा.